सोपारा ते अर्नाळा : मुलांना सांगायचा आपल्या भागाचा इतिहास

दिल्लीचा लाल किल्ला कोणी बांधला, असे आमच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलाला विचारले तर तो क्षणात शहाजहानचे नाव सांगतो. ताजमहाल, कुतुबमिनार, चारमिनार ही नावे त्याला तोंडपाठ असतात. पण ज्या सोपाऱ्यात तो राहतो, ज्या रस्त्याने रोज शाळेत येतो, तिथे दोन हजार वर्षांपूर्वी जगातले एक नामांकित बंदर होते, हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक नसण्यात त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

मी वसई-विरार परिसरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गात काही मुले सोपारा गावातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरांतली आहेत. बरीचशी मुले अशी, की ज्यांचे आईवडील उत्तर प्रदेशातून, बिहारमधून किंवा मुंबईत घर परवडेना म्हणून इकडे आले. ही मुले वसईच्या किल्ल्याकडे, सोपाऱ्याच्या स्तूपाकडे पाहतात ती पाहुण्याच्या नजरेने. एकदा वर्गात स्तूपाचे चित्र दाखवले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, ये अपना थोड़ी है, ये तो उन लोगों का है।" त्यात राग नव्हता, खोडसाळपणा नव्हता. एखाद्या बंद दारावरची पाटी वाचावी तसे त्याने सांगितले. तेव्हापासून मला वाटत आले आहे, की आपल्या भागातली ऐतिहासिक ठिकाणे मुलांना समजावून सांगणे हे केवळ इतिहासाच्या तासाचे काम नाही. आपण या मातीत कुठे उभे आहोत, हे मुलाला त्यातून कळते. म्हणून मी वर्गात या गोष्टी कशा सांगते ते इथे मांडत आहे. पालकांनी आणि शिक्षक बंधू-भगिनींनी त्यातले पटेल ते घ्यावे.

आधी थोडा भूगोल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. वसई-विरार महानगरपालिका त्याआधी, २००९ मध्ये झाली. म्हणजे वर्गातल्या मुलाच्या मोठ्या भावाचे जेवढे वय, तेवढेच या जिल्ह्याचे. पण या नव्या नावाखालची जमीन फार जुनी आहे.

तीन नुक्त्यांची गोष्ट

सोपाऱ्याची गोष्ट मी फळ्यावर दोन अक्षरे लिहून सुरू करते. एक उर्दूचे 'पे' आणि एक 'बे'. 'पे'ला खाली तीन नुक्ते, 'बे'ला एक. मग विचारते, कुरआन शरीफ वाचताना तुम्हाला 'पे' कधी दिसते का? मुले आठवून पाहतात आणि म्हणतात, नाही दिसत. बरोबर आहे, कारण अरबीत 'प' हे अक्षरच नाही. मग अरब माणूस 'सोपारा' कसे लिहील? वर्गातले कोणीतरी ओरडते, "सोबारा!" उत्तर जवळजवळ बरोबर असते. अरब प्रवाशांनी आणि भूगोलकारांनी या गावाचे नाव 'सुबारा' असे लिहिले आहे.

मसूदी, इस्तखरी, इब्न हौकल, अल-बिरुनी, अल-इद्रीसी या सगळ्यांच्या लेखनात सुबारा येते. बाराव्या शतकातला इद्रीसी सांगतो, की हे गाव समुद्रापासून दीड मैलावर आहे, गजबजलेले आहे आणि हिंदच्या व्यापाराचे एक मोठे ठाणे आहे. त्याही आधी ग्रीक आणि रोमन जगाला हे बंदर माहीत होते. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात ते आहे. संस्कृत ग्रंथांत त्याला शूर्पारक म्हणतात. बौद्ध परंपरेत पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे. तो याच बंदरातून समुद्रावर जायचा आणि पुढे गौतम बुद्धांचा शिष्य झाला.

मसूदी स्वतः हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, या किनाऱ्यावर आला होता. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला तो सैमूर म्हणतो. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते असे त्याने लिहिले आहे. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे आणि कोणी इथेच जन्मलेले. या मुलखाचा सम्राट राष्ट्रकूट घराण्याचा होता. अरब त्याला बल्हारा म्हणत. त्याच्या राज्यात मुसलमानांना मान आणि संरक्षण मिळते, असेही मसूदी नमूद करतो.

एवढे मोठे बंदर मग गेले कुठे? मुले हे हमखास विचारतात. उत्तर सोपे आहे. बंदर खाडीवर होते आणि खाडी गाळाने भरत गेली. मोठी जहाजे आत येईनाशी झाली, व्यापार ठाणे, चौल, वसई अशा दुसऱ्या बंदरांकडे वळला. सोपारा बुडाले नाही की कोणी जाळले नाही. पाणी दूर गेले, तशी माणसेही गेली.

सोन्याच्या डबीत माती

सोपाऱ्यात एक उंचवटा होता. गावकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे खोदकाम केले. ते मूळचे जुनागडचे, जुन्या लिपी वाचण्यात निष्णात. त्यांना आत विटांचा स्तूप सापडला आणि स्तूपाच्या पोटात एक गोल दगडी करंडक. करंडकात तांब्याची डबी होती आणि तिच्याभोवती धातूच्या आठ मूर्ती ठेवलेल्या होत्या. सात बुद्धांच्या आणि एक पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाची. तांब्याच्या डबीत चांदीची डबी, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. आतून सोन्याची फुले निघाली आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही निघाले.

इथे मी थांबते. सोन्याच्या डबीत काय असेल? मुले म्हणतात हिरा, मोती. प्रत्यक्षात होते मातीच्या भांड्याचे लहान तुकडे. ते गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, अशी त्या स्तूपामागची श्रद्धा होती. वर्गात क्षणभर शांतता पसरते. ज्याला आपण सगळ्यांत मौल्यवान मानतो ते कधीकधी मातीचे असते आणि सोने केवळ त्याची राखण करते, हे मुलांना वेगळे समजवावे लागत नाही.

या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. पुढे १९३९-४० मध्ये पुरातत्त्व खात्याच्या एम. एम. कुरेशी यांनी इथे पुन्हा उत्खनन केले. त्यांना मोठ्या स्तूपाच्या दक्षिणेला आणखी दोन लहान स्तूप सापडले. मुसलमानी काळातल्या, चकाकी दिलेल्या भांड्यांची काही खापरेही मिळाली. मुलांना मी मुद्दाम सांगते, स्तूपाचा शोध लावणारे पंडित हिंदू, त्यावर पुन्हा काम करणारे अधिकारी मुसलमान, स्तूप बौद्धांचा आणि त्याला 'कोट' म्हणून नाव देऊन शेकडो वर्षे लक्षात ठेवणारे आपले गावकरी. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी एवढेच विचारले, "आता सांग, उन लोगों म्हणजे कोण?"

सहलीचा शिलालेख

त्याच १८८२ साली सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ भगवानलाल इंद्रजींना एक फुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत काही ओळी होत्या. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा निघाला. १९५६ मध्ये भुईगाव इथे आणखी एक तुकडा सापडला, तो नवव्या लेखाचा. सोपाऱ्याचे हे लेख आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

अशोकाचे हे लेख सुमारे २,२५० वर्षांपूर्वीचे. त्याने तीच आज्ञा आपल्या राज्यात ठिकठिकाणी दगडावर कोरवली. आपल्याकडे ती ब्राह्मीत, डावीकडून उजवीकडे. पण शाहबाजगढी आणि मानसेहरा, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या भागात, तीच आज्ञा खरोष्ठी लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिली आहे. उर्दू वाचणाऱ्या मुलांना याची फार गंमत वाटते. राजा एक, हुकूम एक, पण ज्या लोकांना जसे वाचता येते तसे त्यांच्यासाठी लिहिले. आपल्याला आपल्या लिपीत शिकता यावे ही मागणी करणारे आपण काही जगावेगळे नाही.

आठव्या लेखात लिहिले आहे तरी काय? अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेसाठी सफरीला जात, शिकार करत. मी मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षे झाली तेव्हा बुद्धांना ज्ञान झाले त्या ठिकाणी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत साधुसंतांना भेटायचे, वृद्धांना भेटायचे, त्यांना मदत करायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचे. नवव्या लेखात तो म्हणतो, की आजारपण, लग्न, जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना प्रकारचे विधी करतात, पण खरा विधी म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे, शिक्षकांचा आदर राखणे, प्राणिमात्रांना जपणे. शिक्षकांचा उल्लेख आला की मुले माझ्याकडे पाहून हसतात. मीही हसते.

ताम्रपटातला मुहम्मद

जिल्ह्याच्या उत्तरेला डहाणू तालुक्यात चिंचणी गाव आहे. तिथे काही ताम्रपट सापडले. पूर्वी राजे जमिनीच्या दानाचे कागद तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा आहे. मसूदी या किनाऱ्यावर येऊन गेला त्यानंतर दहाच वर्षांनी कोरलेला.

या संस्कृत ताम्रपटात लिहिले आहे, की राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने संजाणच्या प्रदेशाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे सोपवला होता. 'ताजिक' हा त्या काळी अरबांसाठी वापरला जाणारा शब्द. आणि 'मधुमती' म्हणजे कोण? संशोधक सांगतात, हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप आहे. अरबांच्या जिभेवर सोपाऱ्याचा सुबारा झाला, तसा संस्कृत लिहिणाऱ्याच्या लेखणीत मुहम्मदचा मधुमती झाला. दोघांनीही एकमेकांची नावे आपापल्या अक्षरांत सामावून घेतली.

या अधिकाऱ्याने काय केले तेही ताम्रपट सांगतो. नदी ओलांडायला लोकांसाठी मोफत नावेची सोय केली. मोफत जेवणाचे अन्नछत्र उघडले, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. आणि राजाच्या संमतीने भगवती देवीशी संबंधित एका मठाला जमिनीचे दान दिले. संजाण आज गुजरातेत, आपल्या सीमेलगत आहे. इराणातून आलेले पारशीही याच संजाणला उतरले, असे ते मानतात.

ही गोष्ट सांगताना मी सावध असते. बघा, आमच्या माणसाने किती उपकार केले, असे मला मुलांना शिकवायचे नाही. तो राजाचा नोकर होता आणि त्याने आपले काम नीट केले. पण अकराशे वर्षांपूर्वी या जिल्ह्याच्या कारभारात मुहम्मद नावाचा माणूस होता, एका हिंदू राजाने त्याच्यावर विश्वास टाकला आणि तो विश्वास सार्थ ठरला, ही नोंद तांब्यावर आहे. 'तुम्ही कुठून आलात' असा प्रश्न पुढे आयुष्यात या मुलांना कधी ना कधी विचारला जाणार आहे. तेव्हा त्यांनी चिडू नये आणि मान खाली घालू नये, यासाठी ही नोंद त्यांच्या खिशात असावी असे मला वाटते.

वसईचा किल्ला : चार नावे, चार सत्ता

वसईच्या किल्ल्यात मुले सगळ्यांत जास्त रमतात. तिथे पळायला जागा आहे, चढायला बुरूज आहेत आणि उंच कमानींखाली हाक मारली की आवाज घुमतो. पण तिथे मुलांचा गोंधळही फार होतो. किल्ला म्हटला की शिवाजी महाराज, हे चौथीपासून डोक्यात बसलेले. मग इथे एवढी चर्च कशी?

मी त्यांना नावांवरून सांगते. गुजरातच्या सुलतानांच्या काळातली वसई, पोर्तुगीजांची बसाईं, मराठ्यांनी दिलेले बाजीपूर हे नाव आणि इंग्रजांची बॅसीन. गाव तेच, पाटी बदलत गेली.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हा भाग गुजरातच्या सुलतानाकडे होता. त्याचा सरदार मलिक तुघान याने इथे तटबंदी उभारली. १५३३ मध्ये पोर्तुगीजांनी ती पाडली. त्याच सुमारास दिल्लीचा बादशहा हुमायून गुजरातवर चालून येण्याच्या बेतात होता. दोन्हीकडून कोंडी झालेल्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. तीन वर्षांत, १५३७ च्या फेब्रुवारीत, त्याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत दीवजवळ समुद्रावर तो मारला गेला. सुलतान मुसलमान आणि त्याच्यावर चालून येणारा बादशहाही मुसलमान. मुलांना हे ऐकून नवल वाटते. राज्ये गादीसाठी लढतात, हे त्यांना इथे कळते.

पोर्तुगीजांनी मोठा किल्ला बांधला. आत वस्ती, दवाखाना, कॉलेज, वेगवेगळ्या पंथांची चर्च होती. वसईचा काळा दगड गोव्यापर्यंत गेला. तिथल्या बॉम जिझस चर्चच्या दर्शनी भागात तो वापरला आहे. जहाजबांधणीही इथे होत असे. याच वसईत सोळाव्या शतकात गोन्सालो गार्सिया जन्मले. १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकी इथे त्यांना ठार मारण्यात आले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. हिंदुस्थानात जन्मलेले ते पहिले ख्रिस्ती संत. पण पोर्तुगीज अमलात इतर धर्माच्या लोकांवर बंधने आली, त्यांची देवळे आणि मशिदी टिकल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सुंदर कमान दाखवताना तिच्याखाली कोण दबले होते हे लपवू नये.

चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने १७३९ मध्ये हा किल्ला जिंकला. वेढा सुमारे तीन महिने चालला. तटाखाली सुरुंग पेरले, हजारो माणसे कामी आली आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. चिमाजी अप्पांनी त्यांना बायकामुलांसह मानाने बाहेर जाऊ दिले. मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मी आग्रहाने सांगते, कारण जिंकणारा कसा वागला यावरून त्याची मोठी ओळख पटते. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्य इंग्रजांच्या दावणीला बांधले गेले. यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ हार झाल्यावर तो इथे आला होता. बहादूरशहा आणि बाजीराव यांच्यात अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. पण आपल्याच माणसांशी लढताना दोघांनीही परक्याचा हात धरला, आणि दोन्ही तहांचा संबंध वसईशीच आहे. एवढा मोठा धडा कुठल्या पुस्तकात मिळेल?

अर्नाळा आणि विरारची गाडी

विरारच्या पश्चिमेला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट आहेत, म्हणून ते सगळ्यांना माहीत. पण तिथून समोर दिसणाऱ्या बेटावर होडीने जाणारे थोडे. वैतरणा नदीच्या मुखावर पहारा ठेवणारा हा जलदुर्ग. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि नव्याने बांधून काढला. दरवाजावर हत्ती आणि सिंह कोरलेले आहेत. वरच्या देवनागरी लेखात बाजीरावाचे आणि त्याच्या आज्ञेवरून काम करवून घेणाऱ्या शंकरचे, म्हणजे शंकराजी केशव यांचे नाव आहे. आत गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे आहे. महादेवाचे देऊळ आहे आणि शहाअली व हाजीअली यांची म्हणून ओळखली जाणारी थडगीही आहेत. भोवती कोळ्यांची वस्ती. मुले तळ्यात डोकावून विचारतात, चारी बाजूंना खारे पाणी, मग मध्ये गोडे कसे? पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, हे विज्ञानाच्या तासाचे उत्तर इथे डोळ्यांनी दिसते.

आणि शेवटची वास्तू म्हणजे आपल्या अब्बांची रोजची गाडी. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी सुरू झाली. तेव्हा दिवसाला एकच गाडी जायची आणि एकच यायची. आज दाराला लोंबकळून जाणाऱ्या बापाच्या मुलाला हे सांगितले, की तो खो खो हसतो. इतिहास फक्त राजांचा नसतो, डब्यात उभ्या असलेल्या माणसाचाही असतो, हे त्याला त्या हसण्यात समजते.

काय सांगायचे, कसे सांगायचे

किल्ल्याच्या भिंतींवर आज प्रेमी युगुलांची नावे कोरलेली दिसतात. लग्नाआधीचे फोटो काढायला गर्दी असते, पण दरवाजावरचा लेख वाचायला कोणी थांबत नाही. त्या नावांत सगळ्या धर्मांची नावे आहेत. नासधूस करताना आपली एकी असते, जपताना मात्र प्रत्येक जण ती वास्तू कोणा दुसऱ्याची समजतो.

माझी पालकांना विनंती आहे. सुट्टीत मुलांना वॉटर पार्कला जरूर न्या, पण एक रविवार सोपाऱ्याच्या स्तूपासाठी ठेवा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, रिक्षाचे भाडे तेवढे लागते. तिथे पोहोचल्यावर 'हे कोणाचे' असे विचारू नका. हे कोणी बांधले, कशासाठी बांधले, दगड-विटा कुठून आल्या, कोणी मोडले, कोणी जपले, असे विचारा. पहिल्या प्रश्नाने भिंत उभी राहते, बाकीच्या प्रश्नांनी वाट निघते. आणि जवळपास एखादे म्हातारे माणूस बसलेले दिसले, मग ते कुठल्याही धर्माचे असो, तर मुलाला त्याच्याशी बोलायला लावा. सहल कशी असावी याचा हुकूम एका बादशहाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच सोपाऱ्यात दगडावर लिहून ठेवला होता. आपल्याला तो पाळायचा आहे, इतकेच.